नितेशकडचे पाहुणे

"काकू, उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरं काय करतात वो?"

हा प्रश्न मला दोन लेकरांच्या बापाने विचारला. चांगला चाळिशीला आलेला माणूस. मी गच्चीवर कुरड्या घालत होते, हातात सोऱ्या, वर सकाळचंच पण चटके देणारं ऊन, आणि हा पायरीवर उभा राहून मोठ्या गंभीर चेहऱ्याने विचारतो आहे.

मी म्हटलं, "काय करतात म्हणजे? आंबे खातात, भांडतात, आन मार खातात. दुसरं काय करतात?"

त्याने खिशातून मोबाईल काढला आणि लिहून घ्यायला लागला. "मार लिहू नको बाप्पा," मी म्हटलं. तो म्हणाला, "नाई, नाई. आंबे लिहिले फक्त."

हा नितेश. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या घराचा वरचा मजला याच्याकडे भाड्याने आहे, आणि इतक्या वर्षांत या माणसाशी एकदा तरी कडाक्याचं भांडण करायची माझी इच्छा अजून पुरी झालेली नाही. भांडूच देत नाही. बडनेऱ्याच्या रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे, तिथला तो मॅनेजर. कॉलेज सोडल्यापासून त्याने एकच काम केलं आहे: आलेल्या माणसाला या म्हणणं आणि जाणाऱ्याला हात जोडणं. ते त्याच्या अंगात इतकं भिनलं आहे की गॅसचं सिलेंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा तो "या, बसा, पाणी घेता?" म्हणतो. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस वर गेला तो तासाभराने चहा पिऊन खाली उतरला. लग्नात कोणाचा जावई रुसला, की नितेशला पुढे करतात. तो जावयाच्या शेजारी जाऊन बसतो, काय बोलतो देव जाणे, पण जावई जेवायला उठतो.

त्याच्या घरात आवाज असा होता तो मायाचा, त्याच्या बायकोचा. माझ्यासारखीच तोंडाळ, म्हणून आमचं पटायचं. मी वर गेले की तिची आतूनच हाक यायची, "प्राजक्ता, काकूले पाणी दे!" आणि ती एवढीशी पोर दोन्ही हातांत तांब्या धरून यायची, अर्धं पाणी माझ्या पायांवर सांडायची. आमच्याकडे तसंच असतं. दारात कोणी आलं की पाणी घरचं लेकरू देतं. चालता यायला लागल्यावर लेकराला सांगितलेलं ते पहिलं काम.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात मायाला ताप आला आणि आठवड्याच्या आत ती गेली. धाकटा पिंटू तेव्हा तीन वर्षांचा. अकोल्याहून तिचा भाऊ गजेंद्र आला, जठारपेठेत त्याचं घर आणि खाली किराण्याचं दुकान. तो म्हणाला, "थोडे दिवस नेतो लेकराइले." नितेशचं काम असं की सगळी दुनिया घरी असते तेव्हा हा बाहेर. त्यात आमच्या यांचं हृदयाचं ऑपरेशन त्याच वर्षी, मला दवाखान्यातून उसंत नव्हती. थोडे दिवस म्हणता म्हणता चार वर्षं झाली. यात चूक कोणाची, हे शोधून मी थकले. सापडली नाही.

नितेश दर सोमवारी पेढे घेऊन अकोल्याला जायचा. तिथे तो जावई. जावयाला पाटावर बसवतात, पंखा त्याच्याकडे फिरवतात. लेकरं समोर येऊन बसायची, तो "अभ्यास कसा चालला" विचारायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचा. आपल्याच लेकरांना हा माणूस चार वर्षं पाहुणा म्हणून भेटला.

उन्हाळ्याचा तर वेगळाच घोळ. सगळ्या वऱ्हाडातली पोट्टी सुट्टी लागली की मामाच्या घरी जातात. ही दोघं बारा महिने मामाच्याच घरी. मग उन्हाळ्यात यांनी जायचं कुठे? बापाकडे, असं कोणाच्या डोक्यात येत नव्हतं, कारण उन्हाळा म्हणजे लग्नं आणि लग्नं म्हणजे नितेश घरी नाही. यंदा मात्र मे महिन्याच्या मध्यालाच धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात लग्न कोण लावतो? कार्यालय ओस पडलं आणि नितेश ऐन उन्हाळ्यात घरी बसला.

गजेंद्रचा फोन आला तेव्हा नितेश आमच्याकडेच होता. त्याने फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे मला ऐकू यावं. असं का करतो विचारलं तर म्हणतो, "मले एकट्याले समजत नाई वो काकू."

गजेंद्र म्हणाला, "नितेशराव, धोंडा सरेपर्यंत लेकराइले घेऊन जा. प्राजक्ता यंदा सातवीत जाईन, तिले आता समजते. मी मंग घ्याले येतो. तिले राहावं वाटलं त दोघंही राहू द्या, अमरावतीतच शाळा पाहा. नाई वाटलं, त आमच्याजवळच राहतीन, कायमचे. मधात लटकवून ठेवणं बरं नाई लेकराइले."

नितेश नुसता "हो, हो" म्हणत होता. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाहून काय राहिला? लग्नसराईत पोट्ट्याइकडे कोण पाहीन म्हणून? मी काय मेली का? आता मी मोकळी हाओ." पण त्याला ते विचारायचंच नव्हतं. त्याला विचारायचं होतं की लेकरांना राहावंसं वाटायला काय करतात. आमचा मुलगा राहिला तो राहायचाच होता म्हणून, आणि नंतर नोकरीला पुण्याला गेला तो जायचाच होता म्हणून. आम्ही काही केल्याचं मला आठवत नाही.

मग त्याने गावाला विचारलं. आमचे हे, खुशालराव, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पोहाले शिकव. माणूस बुडला नाई पायजे." समोरच्या ट्यूशनवाल्या बाईंनी गणिताचा वर्ग सुचवला, त्यांच्याच घरी भरतो तो. कार्यालयातला आचारी म्हणाला, पोट भरलेलं लेकरू कुठे जात नाही. मोबाईलमध्ये एक बाई होती, छान हसरी, ती सांगत होती की सुट्टी निवांत असावी, अर्थपूर्ण असावी, मुलांना मोकळा वेळ द्या. आणि पुढच्या वाक्यापासून तिने सकाळ-संध्याकाळ गच्च भरून टाकली. मातीकाम, पक्षी ओळखा, आजोबांची मुलाखत घ्या. नितेश खाली आला. "काकू, मोकळा वेळ सकाळी द्यावा का संध्याकाळी?"

"अरे, तो द्यायचा नसते. तो असते."

"म्हणजे कवा?"

आता याला काय सांगू? मी चिडले, आणि खरं म्हणजे माझाही गोंधळ उडाला. आम्ही कधी असा विचारच केला नव्हता. लेकरं उन्हाळ्यात होती, उन्हाळा लेकरांवरून जायचा, एवढंच.

शेवटी त्याने त्याला येतं तेच केलं. कार्यालयातून पांढऱ्या चादरी आणल्या, उशांना नवी खोळ घातली, काचेचे ग्लास आणि ट्रे आणला. जेवणाचे बेत ठरवले. आणि ज्या दिवशी अकोल्याहून गाडीत लेकरांना घेऊन आला, त्या दिवशी फाटकाशी त्यांना थांबवून स्वतः धावत वर गेला आणि हातात गुलाबदाणी घेऊन खाली आला. "या, या," म्हणत स्वतःच्या पोटच्या पोरांवर गुलाबपाणी शिंपडलं! पिंटूला तीन शिंका आल्या. प्राजक्ताने पायातल्या चपला काढल्या, भिंतीला लावून सरळ ठेवल्या, पिंटूच्याही नीट लावल्या, आणि मग आत गेली. आपल्या घरी कोणतं लेकरू चपला ओळीत काढतं, मला सांगा.

त्यानंतर सुरू झाला तो पाहुणचार. रसाला हापूस कुठून मिळवला कोण जाणे, आमच्याकडे तर गावरानीच खातात. वडाळीच्या तलावावर नेलं, चिखलदऱ्याला नेलं, सिनेमा दाखवला. पिंटूला पोहण्याच्या वर्गाला घातलं, प्राजक्ताला चित्रकलेच्या. उठल्याबरोबर पाण्याचा ग्लास ट्रेमध्ये. बाहेरून आल्यावर पाण्याचा ग्लास ट्रेमध्ये. जेवताना "आणखी एक घ्या, पिंटूभाऊ" हा आग्रह. पोरीने ताट उचललं की हा धावत जाऊन हातातून काढून घ्यायचा. आणि लेकरं काय म्हणायची? "छान होतं बाबा. थँक्यू."

रात्रीची जेवणं झाली की नितेश खाली येऊन खुशीत सांगायचा, "थँक्यू म्हणाली वो काकू. बरं चाललं ना?"

माझ्या पोराने मला जन्मात थँक्यू म्हटलेलं नाही, आणि तो माझाच आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. ही पोर बापाला उठता-बसता थँक्यू म्हणते. हे चांगलं की वाईट, मला कळेना. मी यांना विचारलं. हे म्हणाले, "सुसंस्कृत हाये पोरगी." झालं यांचं.

एक दिवस दुपारी वर काच फुटल्याचा आवाज झाला. मी गुडघे सांभाळत वर गेले. पिंटूच्या हातून ग्लास पडला होता आणि पोरगं भिंतीला टेकून पांढरं पडलं होतं. नितेश काचा गोळा करत त्याला म्हणत होता, "काही हरकत नाही, काही हरकत नाही. तुम्हाला लागलं तर नाही ना?" अगदी कार्यालयातली भाषा. पिंटूने भोकाड पसरलं. नितेशने आइस्क्रीम आणलं, तर आणखी रडला. शेवटी मीच त्याला खाली घेऊन आले.

"काहून रडून राहिला बे? तुह्या बापानं त तुले एक शब्द नाई म्हटला."

"तेच त," तो हुंदके देत म्हणाला. "मामीकडे कप फोडला होता मी. मामीनं धपाटा देल्ला. मंग संपलं. अठी कोणी काईच म्हणत नाई. मंग मले समजतच नाई, संपलं का नाई संपलं."

सात वर्षांच्या पोराला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर एक हलकासा धपाटा दिला आणि म्हटलं, "घे. संपलं." तो डोळे पुसून खेळायला गेला. पण मी त्याची कोण? माझ्या धपाट्याने काय होणार?

प्राजक्ताचं निराळंच. ती एक दिवस दुपारी गुपचूप खाली आली तेव्हा मी सरगुंडे करत बसले होते, कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळत. उन्हाळ्यात करून वाळवून ठेवले की रसासोबत वर्षभर कामी येतात. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मी करू?"

मी काडी दिली. पोरीचा हात असा सफाईदार चालला की मी पाहतच राहिले. "जमुनामामीनं शिकवलं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमच्या अठी नळ कवा येते?"

"सकाळी येते. काहून?"

"भरू लागली असती. मामीकडे रोज नळ येत नाई. नळाच्या दिवशी सगळे भरतात. पिंटूबी. मामी लय ओरडते त्या दिवशी." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर एवढं हसू होतं की मला काही उमजेना. ओरडणाऱ्या मामीची आठवण येऊन पोर हसते, आणि पाय धुऊन पाणी प्यावं अशा बापाजवळ चपला ओळीत लावते.

संध्याकाळी मी नितेशला गाठलं. सरळ सांगितलं. माझ्याने वळणावळणाचं बोलणं होत नाही. "नितेश, पोरीले काम सांगत जा. तठी ते नळ भरते, सरगुंडे करते, सगळं करते. अठी तू तिले नुसती बसवून ठेवली."

त्याचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणीच आलं. "माह्या पोरीले नळ भरा लागते तठी? मले कोणी सांगतलं नाई काकू. नाई, अठी मी तिले पाण्याले हात लावू देणार नाई."

दुसऱ्या दिवसापासून हा उजाडायच्या आत उठून माठ, बादल्या, पिंप सगळं भरून ठेवायला लागला, म्हणजे लेकरं उठेपर्यंत घरात थेंब भरायचा राहू नये. मी कपाळावर हात मारला. याला सांगावं एक, समजतो भलतंच. हे म्हणाले, "तू नीट सांगतलं नसशीन." मी म्हटलं, "मंग तुमी सांगा." हे पेपरात शिरले.

आणि कोण जाणे, त्याचंच बरोबर असेल असंही मला मधूनच वाटायचं. आई नसलेली लेकरं. चार दिवस लाड झाले तर बिघडलं कुठे? मामीची आठवण येतच असणार, चार वर्षं तिने केलं त्यांचं. कदाचित पोरीला अकोलाच हवं असेल आणि आम्ही उगाच इथे नळाचा आणि सरगुंड्यांचा अर्थ लावत बसलो असू. रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकलं तरी मला झोप यायची नाही.

धोंडा सरत आला तशी नितेशची चलबिचल वाढली. जिन्यावरून उगाच खालीवर करायचा.

"विचार ना तिले," मी म्हटलं. "राहतं का म्हणून विचार."

"कसं विचारू? नाई म्हणाली त?"

"दुनियेले आग्रह करतो आन पोरीले एक शब्द विचारता येत नाई?"

"दुनियेनं नाई म्हटलं त माहं काय जाते काकू?" तो म्हणाला.

विचारलं त्याने, पण काय? "सगळं व्यवस्थित ना? काही कमी नाई पडलं?" ती म्हणाली, "काईच कमी नाई पडलं बाबा." आणि हा वेडा आनंदाने खाली येऊन मला सांगतो! कार्यालयातून निघताना वरपिता हेच तर म्हणतो, काही कमी पडलं नाही.

त्याच संध्याकाळी प्राजक्ता माझ्याजवळ येऊन बसली. वाळलेले सरगुंडे डब्यात भरू लागली. खाली मान घालून म्हणाली, "काकू, आमी गेलो की बाबाले बरं वाटीन ना? लय थकले ते आमचं करून करून."

मी तिला जवळ ओढलं, "ये वेडे" म्हटलं, पण पुढचं बोलायच्या आत वरून नितेशची हाक आली, जेवण तयार आहे म्हणून. गरम गरम वाढायचं होतं त्याला. ती उठून गेली. मी ठरवलं, उद्या सकाळी या माणसाला समोर बसवायचं आणि सगळं फोड करून सांगायचं, त्याला समजो न समजो.

सकाळी गजेंद्रच येऊन उभा राहिला. एक दिवस आधी येईल असं कोणाला वाटलं नव्हतं; दुकानाचं काहीतरी काम निघालं होतं त्याचं. घामाघूम झाला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. नितेशने मला आणि यांनाही वर बोलावलं. सामान त्याने आधीच आणून ठेवलं होतं; वर जाऊन पाहते तर चौरंग मांडलेला, त्यावर नारळ, सुपारी, कुंकवाचा करंडा. गजेंद्रसाठी टॉवेल-टोपी. आणि शेजारी घडी घातलेले लेकरांचे दोन नवे कोरे ड्रेस.

त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे, नंतर त्याने सांगितलं. गजेंद्रने चार वर्षं लेकरं सांभाळली, त्याचा मान करावा. आणि मामाला कपडे द्यायचे तर लेकरांनाही काहीतरी नवं घ्यावं, एवढंच. पण चौरंगावर नारळ-कुंकू आणि बाजूला नवे कपडे, हे आपल्याकडे कधी मांडतात हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाहुणा जायला निघाला की मांडतात. आणि हे मांडण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्यालाच ते दिसलं नाही.

प्राजक्ता आतून केस विंचरत बाहेर आली. मामाला पाहून हसली, दोन पावलं पुढे आली, आणि तिला चौरंग दिसला. हसू तिथेच गेलं.

"आमची बोळवण हाये का?" तिने विचारलं.

नितेश ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. "नाई... बोळवण नाई. म्हणजे तुले जर... तुमाले जसं बरं वाटीन..."

"तुमी एक डाव नाई म्हटलं राहा म्हणून." तिचा आवाज चढला. इतक्या दिवसांत प्रथमच चढला आणि मला तो ओळखीचा वाटला, मायाचा होता. "मी रोज वाट पाहिली. मले वाटलं आज म्हणसान, उद्या म्हणसान. एक काम नाई सांगतलं मले. पिंट्यानं गिलास फोडला त रागावले नाई. पाहुण्याइलेच रागावत नाईत लोकं. आमी पाहुणे हाओ का तुमचे?"

नितेशने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, मग गजेंद्रकडे. दर वेळी विचारतो तसं, मले एकट्याले समजत नाई म्हणून. माझ्या जिभेवर दहा वाक्यं होती, पण मी दात आवळून धरले. जन्मात एवढं अवघड काम मी केलं नाही.

त्याने ट्रे टेबलावर ठेवला.

"प्राजक्ता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "मामा उन्हातून आला. पाहून काय राहिली? पाणी दे त्याले."

ती तशीच उभी राहिली. भरलेले ग्लास समोर ट्रेमध्येच होते. तिने त्यांना हात लावला नाही. बाहीने नाक पुसलं, वळली, आणि स्वयंपाकघरात गेली. माठात तांब्या बुडाल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. ती पाणी घेऊन आली आणि मामासमोर धरलं.

गजेंद्रने ते लगेच घेतलं नाही. तिच्या हाताकडे पाहत राहिला. माझ्याकडे वळून हसला, पण डोळे भरले होते. "काकू, आतापर्यंत माह्या घरी येणाऱ्याइले पाणी देत होती हे. आज मी आलो." मग एका दमात सगळं पाणी प्यायला. "जमुनाले काय सांगू आता? तिनं सकाळीच उठून यांच्या गाद्या उन्हात टाकल्या."

प्राजक्ता मामाच्या दंडाला धरून उभी राहिली आणि आता ती खरंच रडायला लागली. पिंटू मात्र इतका वेळ काहीतरी हिशेब करत होता. तो म्हणाला, "मंग आता आमीबी सुट्टीत मामाच्या घरी जाऊ का? सगळे जातात तसे?"

"येजा ना लेका," गजेंद्र म्हणाला. "दिवाळीलेच येजा."

पिंटू एवढा खूश झाला की धावत आत गेला आणि दोन्ही हातांत भरलेला गडवा घेऊन माझ्याकडे आला. मी हात पुढे करायच्या आत अर्धं पाणी माझ्या पायांवर.

"अबे, पाहून आन ना जरा!" नितेश ओरडला.

ओरडला! आणि स्वतःच दचकला. पिंटूने वर पाहिलं, दात दाखवले आणि फडकं आणायला पळाला. माझे पाय ओले, डोळे ओले, यांनी पेपर तोंडासमोर धरलेला, उलटा.

प्राजक्ताने यांनाही पाणी दिलं. नितेश खुर्चीवर बसून होता, हात मांडीवर मोकळे. त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर त्याने अगदी हळू विचारलं, "आन मले?"

पोरीने चौरंगाशेजारचे नवे कपडे उचलून कपाटात ठेवले. वळून बापाकडे पाहिलं.

"तुमी त घरचेच हा ना," ती म्हणाली. "उठा, आपल्या हातानं घ्या."

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. माठावरची झाकणी काढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ तो बाहेर आला नाही, आणि आम्ही कोणी त्याला हाक मारली नाही.